बुधवारचं न्हाणं

१

बुधवारी दुपारी तीनच्या सुमाराला मिऱ्याच्या वाटेवरच्या रघूशेठच्या घरात न्हाणीतून किंकाळी आली. लग्नघर ते. अंगणात मांडव चढत होता, ओटीवर बायका तांदूळ निवडत होत्या. पोर घसरली असं वाटून सगळ्या धावल्या. दार ढकलून बघतात तर शमिका पाटावर बसलेली, अंगाभोवती परकर ओढून घेतलेला, आणि ओंजळीत तिचेच केस. मांडीवर केस, पाटावर केस, मोरीच्या जाळीत एवढा बोळा की पाणी तुंबलेलं. कमरेखाली रुळणारे केस होते पोरीचे. ओंजळीतला पुंजका ती परत डोक्यावर ठेवून बघत होती, नीट बसवला तर बसेल अशा आशेने. डोक्यावर आता लाल चट्टे होते, आणि मधेमधे चुकून राहिलेल्या चार बटा.

न्हाणीच्या कट्ट्यावर एक पांढरी बाटली उभी होती. नम्रताच्या पार्लरमधून आलेली.

संध्याकाळी पाच वाजता वाडीतल्या आठ-दहा बायका मारुती मंदिराजवळच्या त्या पार्लरमध्ये शिरल्या. आरसे फोडले, खुर्च्या उलथल्या. मग दोघींनी नम्रताला धरलं, तिसरीने तिथलीच कात्री उचलली आणि नम्रताची वेणी मानेपासून कापून तिच्या हातात दिली. "आता घाल हिला केराटिन," एक म्हणाली, आणि बाकीच्या हसल्या.

हे सगळं सत्यवतीबाईंना कळलं ते गुरुवारी सकाळी, पूजेचं ताम्हन घासताना. नम्रता मागल्या दारी येऊन उभी राहिली. डोक्यावर ओढणी होती.

सत्यवतीबाई म्हणजे रत्नागिरीतल्या कीर्तनकार. वय साठीच्या पुढे, नऊवारी, कपाळाला बुक्का, आवाज अजून खणखणीत. नम्रताचे वडील वीस वर्षं त्यांच्या साथीला तबल्यावर बसले. नम्रता लहान असताना मागे उभी राहून झांज वाजवायची आणि आख्यान रंगात आलं की वाजवायचीच विसरायची. बाईंनी तिची ओढणी हळूच सारली, बघितलं, आणि पुन्हा होती तशी घातली. चहा केला.

"बाई, मी नाही हो काही केलं."

"ते मी विचारलं का तुला? आधी पी."

चहा पोटात गेल्यावर नम्रता सांगू लागली. रघूशेठची मुलगी वेदिका नवरी, लग्न शुक्रवारी, मुलगा देवरूखचा. शमिका त्यांची पुतणी. तिचे वडील रघूशेठच्याच ट्रॉलरवरून समुद्रात गेले ते परत आले नाहीत. आईही मग फार टिकली नाही. रविवारी दोघी मुली केराटिन करायला आल्या होत्या.

"म्हणजे करता काय नक्की?" बाईंनी विचारलं. "मी आपली खोबरेल तेलाची बाई."

"क्रीम लावायचं, वाळवायचं, मग तापल्या इस्त्रीने एकेक बट दाबत जायचं. पाच तास जातात, वाफेने डोळे चुरचुरतात, पण केस धारेसारखे सरळ पडतात. पुढे तीन दिवस पाणी लावायचं नाही, बांधायचे नाहीत, कानामागेसुद्धा घ्यायचे नाहीत. आणि पहिलं न्हाणं बिनमिठाच्या शाम्पूनेच. साध्या शाम्पूत मीठ असतं, ते केराटिन खाऊन टाकतं. रविवारी केलं म्हणजे बुधवारी दुपारनंतर धुवा, असं दोघींना सांगितलं. दोघींत मिळून एक मोठी बाटली दिली. शेवटचीच होती, नवा माल शनिवारी येतोय. पॅकबंद होती हो, बाई!"

"आणि ती आता कुठे आहे?"

"पोलिसांनी नेली काल संध्याकाळी. हवालदार वास घेऊन म्हणाला, यात केस काढायचं क्रीम आहे. उद्या सकाळी दहाला मला हजर व्हायला सांगितलंय. रघूशेठने तक्रार दिलीय, नवरीला विद्रूप करायचा कट म्हणून. नशिबाने शमिका आधी न्हायली, नवरी वाचली, असं सगळे म्हणतायत." नम्रताने स्वतःचे हात पुढे केले. "बाई, या हातांवर लोक डोकं टाकून डोळे मिटतात. उद्यानंतर कोण टाकेल?"

बाईंनी कप विसळला. आज संध्याकाळी पाचला रघूशेठच्याच मांडवात त्यांचं कीर्तन ठरलेलं होतं. घरच्या कार्याच्या आदल्या दिवशी अंगणात कीर्तन, हा रघूशेठचा जुना शिरस्ता.

"केराटिनला शमिकाला कोण घेऊन आलं?" त्यांनी जाता जाता विचारलं.

"गंगाकाकीने, रघूशेठच्या बायकोने, स्वतः फोन केलान. म्हणाली, शमिकाचंही कर, माझ्याकडून."

बाईंचा हात थांबला. गंगाबाईंना त्या पंचवीस वर्षं ओळखत होत्या. प्रसादाचा नारळसुद्धा हलवून, पाणी ऐकून मग द्यायची ती बाई. शमिकाच्या अंगावर बाईंनी कधी वेदिकाच्या जुन्यापलीकडचा कपडा बघितला नव्हता.

"माझ्याकडून," त्या पुटपुटल्या. "गंगा असं म्हणाली?"

२

नम्रताच्या हाताखाली दिशा नावाची मुलगी कामाला होती. ती पुढच्या महिन्यात शेजारच्या नाचणे गावात स्वतःचं पार्लर टाकणार, हे गावभर माहीत होतं. बाई पार्लरवर गेल्या तेव्हा ती दारात बसून फोनवर बोलत होती, "हो ना गो, मी तर आधीच म्हणत होते, ताईंचा माल स्वस्तातला..." बाईंना बघून तिने फोन उलटा ठेवला.

"बोल की पुढे," बाई म्हणाल्या. "स्वस्तातला माल, मग?"

"लोकच विचारतात हो."

"काल बायका पार्लरवर चालून गेल्या. त्याआधी त्यांनीही तुलाच विचारलं?"

दिशाने नखं बघितली. "मी फक्त म्हटलं, मला काही माहीत नाही, ताईंना विचारा."

"आणि हसलीस."

"बाई, तुम्ही कीर्तनकार की सीआयडी?"

"तीस वर्षं माणसांसमोर उभी राहते गो. कुठल्या ओळीला कुणाची मान डोलते आणि कुठे थांबते ते बघायची सवय लागते. तुझी आत्ता थांबली. बाटली तूच पिशवीत भरलीस ना?"

दिशाच्या डोळ्यांत आता खरी भीती आली. "बाई, तुळशीची शपथ. रॅकवरून काढली, पिशवीत टाकली. वरची चकती तशीच होती. नम्रताताईंची गिऱ्हाइकं मला हवीत, ते खोटं नाही बोलत. पण कुणाचं डोकं जाळून नकोत."

"त्यानंतर त्या घरातून काही विचारणा?"

"सोमवारी गंगाकाकींचा फोन आला होता. वेदिका बुधवारऐवजी गुरुवारी न्हायली तर चालेल का, असं विचारत होत्या. मी म्हटलं, चालेल, उशीर झाला तर उलट बरंच."

"आणि शमिका?"

"तिचं विचारलं नाही. म्हणाल्या, ती बुधवारीच न्हाईल."

रिक्षात बसल्यावर बाईंनी मनाशी जुळवून बघितलं. दिशा दुष्ट होती, पण तिचा दुष्टपणा तोंडातून बाहेर पडून तिथेच संपणारा होता. बाटलीत हात घालायला वेगळी छाती लागते.

३

दुपारी दोन वाजता बाई लग्नघरी पोचल्या. सोबत नम्रता होती, झांज घेऊन, ओढणी नाकापर्यंत ओढलेली. कीर्तनाला साथ म्हणून कुणी तोंड निरखून बघितलं नाही. तिला मांडवाच्या कोपऱ्यात तंबोऱ्याशी बसवून बाई आत गेल्या.

सकाळीच हळद होऊन गेली होती. गंगाबाई हातातली ताटं खाली न ठेवताच बोलू लागली. "आलात? या. बघितलंत ना काय प्रसंग आला? ती मेली पार्लरवाली! माझ्या वेदिकाच्या मुळावर उठली होती. देवानेच राखलंन हो. बाटली आणली वेदिकासाठी, पण ही शमिका पुढे घुसली. हावरेपणा! देवाने तिथल्या तिथे दाखवलंन."

पोरीच्या डोक्यावर चट्टे उठले होते आणि काकीला त्यात देवाचा हात दिसत होता. बाईंनी नुसतं विचारलं, "वेदिका का थांबली गो काल?"

"डोकं दुखत होतं तिचं," गंगाबाई चटकन म्हणाली. "दुपारपासनं एकदम. म्हटलं, राहू दे, उद्या न्हा."

ओटीवर वेदिकाचा धाकटा भाऊ सुजय चहा पीत बसला होता. मुंबईला असतो, सकाळच्या गाडीने आला होता. बाईंना नमस्कार करून म्हणाला, "बाई, माझ्यावर एक पुण्य चढलंय. माझ्यामुळे ताईचे केस वाचले."

"तुझ्यामुळे? ते कसं रे?"

"भाऊ असला की बहिणीने बुधवारी डोक्यावरून न्हायचं नाही ना. लहानपणी ताई एकदा चुकून न्हायली, तर आईने तिला उन्हात उभं केलं होतं. माझा जीव धोक्यात म्हणे! मी मुंबईत गाड्यांना लोंबकळतो त्याचं काही नाही." तो हसला. मग आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बघून त्याचं हसू विरलं. "शमीला भाऊ नाही ना."

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांच्या स्वतःच्या आईनेही हा नियम पाळला होता. भाऊ जाऊन बारा वर्षं झाली तरी बुधवारी त्यांचा हात अजून डोक्याला पाणी लावत नसे. घरोघर सगळ्यांना माहीत असलेली, कुणाचं काही न बिघडवणारी रीत. मग गंगाने ती का लपवावी? डोकेदुखी कशाला मधे आणावी?

शमिकाची खोली मागच्या बाजूला होती, जाळी आणि पिंपं ठेवायच्या पडवीला लागून. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. बाई शेजारी बसल्या. पाठीवर हात ठेवला आणि किती तरी वेळ नुसतं नाम घेत राहिल्या, अगदी हळू. पोरीचा श्वास जरा सैल झाला.

"बाटलीचं सील कुणी फोडलं, शमू?"

"मीच. रविवारी रात्री. वास बघायला. इतकी भारी वस्तू कधी घरात आली नव्हती."

"कसा होता वास?"

"बदामासारखा. गोड." तिने पहिल्यांदाच मान वळवली.

"आणि काल?"

शमिकाने मान पुन्हा भिंतीकडे वळवली.

"काल डोळे मिटून लावलंस की वास आला?"

"मला आठवत नाही."

"जळजळलं असेल. लगेच का नाही धुतलंस?"

"आठवत नाही म्हटलं ना, बाई!" ती ओरडली, आणि लगेच दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. दाराकडे तिची नजर गेली. दारात पिवळ्या साडीतली वेदिका उभी होती.

४

"बाई, आशीर्वाद द्या ना," वेदिका म्हणाली आणि वाकली.

बाईंनी रीतीप्रमाणे तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस रेशमासारखे, पाठीवर सरळ धार. हात उचलला आणि तो त्यांच्या नाकाजवळून गेला. बदाम. कोवळा, गोड वास.

"न्हायलीस वाटतं हळदीनंतर," बाई म्हणाल्या.

"हो, सकाळीच."

"कशाने?"

"साधा शाम्पू. दुसरं काय आहे घरात? ती बाटली तर पोलिसांनी नेली." वेदिका गोड हसली आणि निघून गेली.

बाई बाहेर मांडवात आल्या. नम्रताच्या नाकापुढे स्वतःचा तळवा धरला. "कसला वास गो हा?"

नम्रता दचकली. "आमच्याच शाम्पूचा! तुम्हाला कुठे मिळाला? अख्ख्या रत्नागिरीत आज थेंब नाही त्याचा."

कीर्तनाला उभं राहण्याआधी हातपाय धुवायचे, हा बाईंचा नेम. त्या न्हाणीत गेल्या. मोरीच्या जाळीत अजून दोन-तीन लांब केस अडकलेले होते. पाण्याने हलत होते. बाईंनी ते वाकून काढले आणि पदराच्या टोकाला बांधले. फेकवेनात त्यांना.

मग त्यांनी कट्ट्याकडे बघितलं. साबण, वज्री, उटण्याची वाटी. त्यांच्या मागे, भिंतीला टेकून, कोकम सरबताची बाटली.

न्हाणीत सरबत कोण पितं?

बाटली अपारदर्शक झाली होती, आतून दुधट. बूच काढलं. बदाम.

निम्मीच वापरलेली होती. उरलेलं जपून ठेवलं होतं, उद्याच्या मंगलस्नानाला. बाईंनी बाटली पदराखाली घेतली आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या पायांवरचं पाणीसुद्धा पुसलेलं नव्हतं.

"रघूशेठ," त्यांनी हाक मारली, "कीर्तन जरा थांबेल. आधी घरच्यांना आतल्या खोलीत बोलवा. आणि माझी झांजवाली पण येईल."

५

शमिकाच्याच खोलीत सगळी जमली. रघूशेठ दारात, गंगाबाई आणि वेदिका खिडकीशी, सुजय भिंतीला टेकून. नम्रताने ओढणी मागे टाकली तेव्हा गंगाबाई किंचाळली, "ही सटवी माझ्या घरात!"

"तिची कापलेली वेणी बघ आधी, मग ओरड," बाई म्हणाल्या. "रघूशेठ, तुमची तक्रार काय? पार्लरमधून बाटलीत विष आलं, नवरीसाठी. दोन्ही खोटं. बाटली घरी आली तेव्हा आत बदामाच्या वासाचा चांगला शाम्पू होता. शमूने रविवारी सील फोडून वास घेतला. तेव्हा दिशा नाही, नम्रता नाही. बदल झाला तो याच घरात."

"आणि नवरीचं काय खोटं?" रघूशेठने विचारलं.

"नम्रताने दोघींना बुधवार सांगितला. बाहेरच्या माणसाला वाटेल, दोघी एकदमच न्हातील. पण वेदिका बुधवारी न्हाणार नव्हतीच. तिला भाऊ आहे. बुधवारी त्या बाटलीखाली एकच डोकं जाणार होतं. ते या घरातल्यांना माहीत होतं. ज्याने भरलं त्याला नवरी नकोच होती. त्याला हीच हवी होती."

शमिकाने मान वर केली.

"गंगा," बाई वळल्या, "मी विचारलं, वेदिका का थांबली. बुधवार होता म्हणून, एवढं म्हणाली असतीस तर मी पुढे एक शब्द विचारला नसता. पण तू म्हणालीस, डोकं दुखलं, अचानक. कारण बुधवार म्हटलं की आधीपासून ठाऊक होतं असं होतं. आणि सोमवारीच तू पार्लरला फोन करून विचारलंस, वेदिका गुरुवारी न्हायली तर चालेल का. बुधवारी दुपारी दुखणारं डोकं तुला सोमवारी कसं कळलं?"

"बाई, तुम्ही देवाधर्माच्या..." गंगाबाईचा आवाज चिरकला. "पुरावा काय?"

बाईंनी पदराखालून कोकम सरबताची बाटली काढली आणि बूच उघडून रघूशेठच्या हातात दिली. खोलीभर बदामाचा वास पसरला.

"हा पुरावा. दुसरी कुणीही असती तर तिने चांगला माल मोरीत ओतला असता आणि सुटली असती. तुझ्याने ओतवलं नाही, गंगा. एवढी महाग वस्तू! आपल्या सरबताच्या बाटलीत काढून ठेवलीस, लेकीसाठी. आज सकाळी ती त्यानेच न्हायली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आशीर्वादाला, आणि हात हा वास घेऊन आला."

सुजय आईकडे बघत होता. ओळखीचं माणूस अनोळखी वाटावं तसा.

"का?" रघूशेठने एवढंच विचारलं.

आणि मग गंगाबाई सुटली. "का? विचारता का? देवरूखची माणसं मुलगी बघायला आली, तेव्हा ही पोह्यांची बशी घेऊन गेली तर मुलाची आई हिलाच जवळ बसवायला लागली! हीच नवरी समजून! आणि माझी वेदिका आली तेव्हा त्या मुलाचं, हर्षदचं, तोंड उतरलेलं मी बघितलं. साखरपुड्याला त्याची आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, हिचे केस नि तिचं घर एकत्र आलं असतं तर! लोक हसले. वेदिका रात्रभर रडली. आणि उद्या ही करवली. दिवा घेऊन माझ्या लेकीच्या मागे उभी. जन्माच्या प्रत्येक फोटोत तिच्या मागे ते केस!"

"मग करवली दुसरी केली असतीत," नम्रता म्हणाली. तिला बोलायचं नव्हतं, पण बोलली.

"लोकांनी विचारलं असतं, सख्खी पुतणी असताना दुसरी का. घरात बसवायचं होतं, बस. केस काय, परत येतात."

"येतात ना," वेदिका म्हणाली. "उगाच एवढा तमाशा."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग शमिकाकडे. "आता तरी सांग, पोरी. कुजका वास आला, डोकं पेटलं. तरी का बसून राहिलीस?"

शमिकाने फार हळू सांगितलं. "ताई दाराबाहेर उभी होती. मी म्हटलं, ताई, वास येतो, आग होते. ती म्हणाली, केराटिन असंच असतं, वीस मिनिटं ठेव, मी मोबाइलवर वेळ लावते." ती थांबली. "वीस मिनिटं ती बाहेरून माझ्याशी बोलत होती. माझं लग्न कुठे करायचं, त्याबद्दल. मला बरं वाटत होतं."

अंगणात मांडववाले दोर ओढताना एकमेकांना हाका मारत होते.

रघूशेठने हात जोडले. बाईंपुढे. "उद्या लग्न आहे. चारशे पान उठणार. बाटली मला द्या. तक्रार मी मागे घेतो. पोरीला मुंबईच्या डॉक्टरकडे नेतो."

"तक्रार गुपचूप मागे घेतलीत तर नम्रताला लोक सुटलेली चोर म्हणतील," बाई म्हणाल्या. "तिची वेणी भर बाजारात कापली. तिचं नाव भर मांडवात परत द्या. आणि पुढचं मी नाही ठरवणार. डोकं जिचं, ती ठरवेल."

सगळे शमिकाकडे वळले. बाईंना वाटलं, ती रडेल, पोलीस म्हणेल, नाहीतर त्यांनी आयुष्यभर आख्यानांतून सांगितलं तसं, क्षमा करेल.

शमिका उठली. कोपऱ्यातल्या खिळ्याला उद्याची करवलीची साडी टांगलेली होती, हिरवी. तिने ती काढून मांडीवर घेतली.

"लग्न मोडायचं नाही," ती म्हणाली. "पोलिसात मी जाणार नाही. काकांनी आत्ता मांडवात उभं राहून नम्रताताईचं नाव साफ करायचं. आणि उद्या करवली मीच."

वेदिकाचा चेहरा पांढरा पडला. "ओढणी घेऊन ना गो, शमू? विग आणू आपण..."

"नाही. अशीच."

"बाबा, हिला सांगा!"

रघूशेठ आपल्या मेलेल्या भावाच्या मुलीकडे बघत राहिला. मग वळून मांडवात गेला.

कीर्तनासाठी लावलेल्या माइकवर त्या संध्याकाळी पहिला आवाज त्याचा आला. "नम्रताचा काही दोष नाही. बाटलीत जे घातलं ते माझ्या घरात घातलं गेलं. माझ्या माणसांनी. तक्रार मी मागे घेतोय. काल जिने कात्री चालवली तिने इथे येऊन तिचे पाय धरावे." एवढं बोलून तो खाली बसला तो मान वर न करता. कात्रीवाली मांडवातच होती. ती उठली नाही. पण तिच्या आजूबाजूच्या बायका सरकून बसल्या, आणि तिच्याभोवती सतरंजी रिकामी दिसू लागली.

आत, कंदिलाच्या खिळ्याला आरसा अडकवून, नम्रताने शमिकाच्या डोक्यावरच्या उरलेल्या बटा मशीनने काढल्या. चट्ट्यांना धक्का लागू नये म्हणून ती श्वास धरून काम करत होती. शमिकाने तिच्या हातांत डोकं टाकलं आणि डोळे मिटले.

बाहेर सत्यवतीबाई उभ्या राहिल्या. पूर्वरंग लावला. नेहमीसारखा आवाज लागला, पण क्षमेचं आख्यान त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही. जिभेवर येईना.

६

शुक्रवारी, बारा वाजून सात मिनिटांचा मुहूर्त. देवरूखची मंडळी आली. हर्षदची आई नवरीला बघायला पुढे झाली आणि तिची पावलं अडली. नवरीच्या मागे हिरव्या साडीत, हातात दिवा घेऊन, तुळतुळीत डोक्याची मुलगी उभी होती. डोक्यावर लाल डाग. कपाळाला ठसठशीत टिकली. पाठ ताठ.

"अगो बाई, हे काय?" हर्षदची आत्या म्हणाली.

"केराटिन," शमिका म्हणाली. "ताईबरोबरच केलं."

कुजबुज मांडवाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेली आणि परत आली. काल माइकवरून जे ऐकलं होतं ते ज्याने त्याने शेजाऱ्याच्या कानात पुरं केलं. गंगाबाई हसत माणसांना या बसा म्हणत होती आणि कुणी तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. फोटोवाला कॅमेरा वरखाली करत होता. शेवटी तो शमिकाला म्हणाला, "ताई, तुम्ही जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय."

"इथेच बरी आहे मी," शमिका म्हणाली आणि दिवा थोडा वर धरला. वेदिकाच्या खांद्यामागून तिचं डोकं त्या उजेडात लख्ख दिसलं. फोटो निघाला. मग दुसरा. मग तिसरा.

अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टका सुरू झाल्या. सत्यवतीबाई पहिल्या रांगेत, मुठीत अक्षता घेऊन. शेजारी नम्रता, मानेवर उघडे, वेडेवाकडे कापलेले केस घेऊन, ओढणीशिवाय. बाईंनी देवाचं नाव घेतलं. समोरच्या या दोन पोरींसाठी काय मागावं ते त्यांना सुचेना. अख्खं आयुष्य मागण्यात गेलेल्या बाईला.

सावधान म्हटलं गेलं. चारशे माणसांचे हात उठले. बाईंच्या अक्षता शमिकाच्या डोक्यावर पडल्या आणि त्या गुळगुळीत कातडीवरून घरंगळून खाली गेल्या. वेदिकाच्या डोक्यावरही पडल्या. पाच तास इस्त्रीखाली बसून सरळ केलेले, बदामाच्या वासाचे ते केस. त्यांच्यावरूनही त्या तशाच निसटल्या.

दोघींच्याही डोक्यावर एक दाणा टिकला नाही.